डोरीनच्या झग्याची शेवटची ओळ

डोरीन केलर गाडीत बसली की आधी रेडिओ बंद करते, मग पंखा बंद करते आणि मग माझ्याकडे बघते. त्या बघण्याचा अर्थ, आता तूही बंद हो. मला बोलायची सवय फार. पुण्याहून नवी नवी आले होते तेव्हा गाडी सुरू झाली की माझं तोंडही सुरू व्हायचं. पहिल्याच आठवड्यात डोरीनने सांगितलं, "अश्विनी, या गाडीत आत्ता कोणीतरी बोलतंय. ती तू नाहीस. आपण तिचं ऐकायला आलोय." ती म्हणजे डाव्या दाराच्या आतली प्लास्टिकची एक पट्टी निघाली.

आमचं काम तसं विचित्रच आहे. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या एका टेस्ट लॅबमध्ये आम्ही गाड्यांमधले नको ते आवाज शोधतो. कुरकुर, चरचर, खडखड. आईला मी हे फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे खुळखुळा झालेली गाडी दुरुस्त करतेस होय!" नवीकोरी गाडी खुळखुळा होऊ नये म्हणून आधीच कान लावायचा, एवढाच फरक. डोरीन आमच्या गटाची प्रमुख. साठीला टेकलेली, बुटकी, रुंद खांद्यांची, करड्या केसांची एक घट्ट वेणी. आम्ही मायक्रोफोन लावून संगणकावर आलेख बघत बसायचो. तीही बघायची, पण त्याआधी डोळे मिटून एकच प्रश्न विचारायची, "वेअर श्प्रिश्ट?" कोण बोलतंय? काय वाजतंय असं तिने कधीच विचारलं नाही. स्क्रू, पट्टी, स्प्रिंग, सगळ्यांची चौकशी माणसांसारखी. मला वाटायचं ही जर्मन भाषेची काही तऱ्हा असेल. नंतर कळलं की जर्मन सहकाऱ्यांनाही ते चमत्कारिकच वाटायचं.

दुसरी चमत्कारिक गोष्ट पार्किंगमधल्या बर्चच्या झाडाची. लांबच्या रोड टेस्टला निघण्याआधी डोरीन त्या झाडाशी जायची, खिशातून चिमूटभर काहीतरी काढून बुंध्याशी ठेवायची, दोन शब्द पुटपुटायची आणि येऊन सीट बेल्ट लावायची. सगळ्यांचा समज, बाई पक्ष्यांना दाणे घालते. मी एकदा विचारलं. "तंबाखू," ती म्हणाली, "प्रवासाला निघताना आधी द्यायचं, मग मागायचं." मला लगेच पटलं. आमच्याकडे नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतात, त्यापुढे हे काहीच नाही.

डोरीन ओजिब्वे. अमेरिकेत, लेक सुपीरियरच्या काठाने, जी मूळची माणसं राहतात त्यांतली एक. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणतात. तिचं गाव विस्कॉन्सिन राज्यात आहे. तरुणपणी ती अमेरिकन सैन्यात हेलिकॉप्टर मेकॅनिक होती. आमच्या शहराच्या कडेला अमेरिकन छावणी आहे, तिथे तिची बदली झाली. मग माटियास नावाच्या एका श्वाबियन, म्हणजे इथल्याच भागातल्या, सुताराच्या प्रेमात पडली, सैन्य सोडलं आणि राहिली ती राहिलीच. बॉबलिंगेनच्या तळ्याला रोज फेरी मारायची आणि रोज नावं ठेवायची. "याला हे लोक झे, म्हणजे सरोवर, म्हणतात. अरे, पलीकडच्या माणसाचा शर्ट कुठल्या रंगाचा आहे ते दिसतंय इथून. आमच्या सरोवराचा दुसरा काठ दिसत नाही. म्हणून आम्ही त्याच्याशी जरा जपून बोलतो."

स्वभावाने विनोदी, पण विनोद करताना चेहरा आमच्या एचआरच्या बाईंसारखा. इथे जर्मनीत एक प्रकार आहे. चांगली शहाणी नोकरदार माणसं शनिवार-रविवारी कातडी कपडे घालून, माळावर तंबू ठोकून 'इंडियानर', म्हणजे रेड इंडियन, होतात. आमच्या भागातल्या अशाच एका क्लबच्या अध्यक्षांना डोरीनचा पत्ता लागला. त्यांनी तिला उन्हाळी मेळाव्यात नाच करायला बोलावलं. मानधनही कबूल केलं. ती बघायला म्हणून गेली आणि मला ओढून घेऊन गेली. अध्यक्ष आठवडाभर बँकेत बसणारे सज्जन गृहस्थ, पायात त्यांनी स्वतः मणी शिवलेले सुरेख जोडे. डोरीनने वाकून ते जोडे बघितले आणि मनापासून कौतुक केलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही खऱ्या ओजिब्वे पद्धतीने नाचता ना?"

"हो," डोरीन म्हणाली, "सोमवार ते शुक्रवारसुद्धा."

परतताना मी विचारलं, "नाचणार का?"

"नाही. चांगली माणसं आहेत. माझ्या मामापेक्षा यांचं शिवणकाम चांगलं आहे. पण त्यांना बघायचंय. मागितलं कोणीच नाही."

बघणं आणि मागणं यांत काय फरक, ते मला त्या दिवशी कळलं नाही. ते कळलं तिच्या घरी. काही कागद द्यायला गेले होते. बोळातून जाताना माझी बॅग एका उघड्या कपाटाला घासली आणि आतून असा आवाज आला की मी जागच्या जागी थांबले. वाळूवर पाऊस पडावा तसा, पण धातूचा. माझं आयुष्य खडखड बंद करण्यात चाललेलं, आणि ही खडखड बंद होऊच नये असं वाटलं.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

डोरीन हसली आणि तिने झगा बाहेर काढला. निळ्या कापडाचा, पायघोळ, आणि त्यावर ओळीने पत्र्याच्या लहान लहान नळ्या शिवलेल्या. वर निमुळत्या, खाली उघड्या, फितीला लटकलेल्या. हलल्या की एकमेकींवर आपटतात. पूर्वी त्या तंबाखूच्या डब्यांची झाकणं वळून करत. हल्ली तयारही मिळतात, पण तिच्या आजीने तिला झाकणं वळायलाच शिकवलं होतं. खालच्या कडेला मात्र एक ओळ मोकळी होती. खडूची खूण तशीच, शिवण नाही.

त्या संध्याकाळी तिने मला झग्याची हकीकत सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी जगभर तापाची मोठी साथ आली, तिच्या लोकांतही पुष्कळ माणसं गेली. एकाची लहान मुलगी आजारी होती. त्या बापाला स्वप्नात हा झगा दिसला, पावलं दिसली, गाणं ऐकू आलं. त्याने झगा शिवून घेतला, मुलीला घातला आणि माणसं ढोलाभोवती जमली. पहिल्या फेरीला मुलीला उचलून न्यावं लागलं. पुढच्या फेरीला आधार देऊन चालवलं. शेवटी ती आपल्या पायांनी नाचली. "आणि त्या काळात आमचे नाच सरकारला नको होते," डोरीन म्हणाली. "माणसं आजारी, आणि नाचलं तर शिक्षा. तरी नाचले. म्हणून हा झगा दाखवायचा नसतो. कोणाचं दुखत असेल तर त्याने तंबाखू देऊन मागायचं, आणि मग त्याच्यासाठी नाचायचं."

"मग ही ओळ राहिली कशी?"

ती ओळ शिवत असतानाच माटियास वारला होता. झगा ठेवायची देवदाराची पेटीही त्यानेच केलेली. घरचं माणूस गेलं की वर्षभर नाचायचं नाही अशी त्यांची रीत. वर्ष सरलं, मग आणखी सरली. "सुतक संपलं की नाचणारीने आपलं आपण परत उभं राहायचं नसतं," ती म्हणाली. "आपली माणसं हात धरून वर्तुळात परत नेतात. माझी माणसं समुद्रापलीकडे. आणि इथे मागावं कसं हेच कोणाला माहीत नाही. तेव्हा झगा कपाटात." हे तिने चहाच्या कपाकडे बघत सांगितलं, मोठा विनोद सांगितल्यासारखं. मला मात्र घरी जाईपर्यंत ती मोकळी ओळ दिसत राहिली. या बाईला पुन्हा नाचायचं होतं, आणि तिला कोणी विचारत नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीला माझे सासरे कराडहून आले. अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण हातातली अंगठी दांड्यावर आपटून डबल बेल द्यायची सवय गेली नाही. घरातून निघताना चौकटीवर टण टण. म्हणजे, चला. आमची रेवा नऊ वर्षांची, तीही शाळेत जाताना चौकटीवर पेन्सिल आपटायला लागली. रेवाला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. अण्णा विचारायचे, "बाळ, भूक लागली का?" आणि बाळ सांगायची, "नाइन, नोख निश्ट." म्हणजे, नाही, अजून नाही. अण्णांना ते कळायचं नाही, ते बिचारे तिच्यासकट जेवायला वाढून घ्यायचे.

अण्णांच्या सामानात मोज्यात गुंडाळलेली एक डबी होती. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. मी चिडले, माझा नवरा संदीप चिडला, अण्णांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाल्कनीत जाऊन तंबाखू मळली. दिवाळीला मी डोरीनला जेवायला बोलावलं. तिने येताना कागदी पिशवीत तिच्या गावच्या सरोवरातला जंगली तांदूळ आणला, लांबट, काळसर. मी तो नेहमीसारखा कुकरला लावला. पहिली शिट्टी झाली तशी डोरीन ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात आली. "याला कशाला एवढं ओरडायला लावलंस? हा हळू शिजतो." कुकरातून निघालेला गोळा अण्णांनी आमटी घालून मिटक्या मारत खाल्ला. डोरीन बघत राहिली. म्हणाली, "माझे आजोबा असंच खायचे. मुकाट्याने आणि भरपूर."

जेवण झाल्यावर अण्णांना वाटलं, पाहुणीचा काही मान राखायला हवा. विडा तर घरात नव्हता. त्यांनी डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावून निगुतीने मळली, वरून थाप मारून भुकटी उडवली आणि हात डोरीनपुढे धरला. "घ्या बाई."

मी मेल्याहून मेले. डोरीनने मात्र खुर्ची मागे सारली, उठून उभी राहिली आणि डावा हात पुढे केला.

अण्णांचा चेहरा पडला. "डाव्या हाताने?" ते मला कुजबुजले.

मी डोरीनला विचारलं. ती म्हणाली, "डावा हात हृदयाच्या बाजूचा. तंबाखू त्याच हातात घेतात." अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी जरा विचार केला, मान डोलावली आणि चिमूट तिच्या डाव्या हातात ठेवली. डोरीनने ती तोंडात टाकली नाही. रुमालात बांधली. मग गंभीरपणे म्हणाली, "मी स्वीकारली. आता यांना काय हवंय?"

"त्यांना काही नकोय," मी घाईने म्हटलं. "त्यांच्या डोक्यात तसं काही नाही. ही नुसती पद्धत आहे."

"आमचीही पद्धतच आहे," डोरीन म्हणाली. "तंबाखू घेतली म्हणजे मी शब्द दिला. त्यांना आत्ता माहीत नसेल. माहीत झालं की सांगतील." दुसऱ्या दिवशी ऑफिसात बर्चच्या बुंध्याशी चुन्याचे पांढरे कण दिसले.

पुढचं सगळं श्वाबियन शिस्तीमुळे झालं. इथे प्रत्येक मजल्याने पाळीपाळीने जिना झाडायचा-पुसायचा असतो, त्याला केरवोखं म्हणतात. अण्णांना हे नाव फार आवडलं. "केरच काढायचा ना? मग मी काढतो!" मी नको नको म्हणेपर्यंत बादली घेऊन गेले. ओल्या पायरीवरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. मग त्यांना रेहामध्ये, म्हणजे चालण्याबिलण्याचा सराव करून घेतात त्या क्लिनिकमध्ये हलवलं. तिथली थेरपिस्ट गुणी होती, डॉक्टर म्हणत होते हाड छान आहे, चालायला हवं. अण्णा चालेनात. उभं केलं की बसायचे. दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून राहायचे. धावत्या बसमध्ये कशालाही न धरता तिकिटं फाडणारा माणूस. "मला असंच पाठवून द्या," म्हणायचे. "आता काय राहिलंय." संदीप बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहायचा.

डोरीन भेटायला आली. मी भाषांतराला पुढे झाले तर तिने मला हातानेच थांबवलं. "तू नाही. रेवा."

रेवा गडबडली. आजोबांचं डोरीनला सांगायचं म्हणजे जर्मनमध्ये, ते सोपं. पण डोरीनचं आजोबांना सांगायचं म्हणजे मराठीत. ती माझ्याकडे बघायला लागली. यावर डोरीन मला मागे एकदा म्हणाली होती ते आठवलं. तेव्हा मी रेवाच्या मराठीवरून रडगाणं लावलं होतं. ती म्हणाली होती, "माझ्या आईला लहानपणी घरातून उचलून सरकारी बोर्डिंग शाळेत घातलं. केस कापले. आमची भाषा बोलली की मार. मग तिने ती भाषा मला दिलीच नाही, मला मार बसू नये म्हणून. मी चाळिशीनंतर शिकायला लागले, फोनवरून, मावशीकडून. आजही लहान मुलासारखी बोलते. तुझ्या मुलीला कोणी मारत नाही. ती नुसती आळशी आहे. आळशीपणा बरा होतो." मला राग यायला हवा होता, पण इतका धीर कोणीच दिला नव्हता.

तर डोरीन सांगत गेली आणि रेवा अडखळत अडखळत बोलत गेली. "आजोबा, तू तिला तंबाखू दिला. दिवाळीत. ती म्हणते, तू काय पाहिजे ते बोलला नाही. ती... ती थांबलीये."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटतं नातीचं एवढं लांब मराठी त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. मग झग्याची, त्या आजारी मुलीची, तिच्या तीन फेऱ्यांची हकीकत रेवाने तिच्या तिच्या मराठीत सांगितली. चुका होत होत्या, अण्णांनी एकही सुधारली नाही. शेवटी म्हणाले, "तिला सांग बाळा. मला कराडच्या स्टँडवर माझ्या पायांनी उतरायचंय. चार माणसांनी उचलून नाही."

रेवाने सांगितलं. डोरीनने मान हलवली, कामाचं बोलणं झाल्यासारखी.

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. मी इंजिनिअर आहे, मला राहवेना. "डोरीन, नाचून हाड—"

"हाड सर्जनने जोडलंय. छान जोडलंय," ती म्हणाली. "माझं काम वेगळं आहे. आता मला ती ओळ पुरी करायचीय, मदत कर."

मी उत्साहाने मदत केली आणि चुकले. आमच्या नमुने बनवायच्या वर्कशॉपमधून पातळ पत्र्याच्या नळ्या कापून आणल्या, एकसारख्या, तंतोतंत, कडा घासलेल्या. डोरीनने त्यांतल्या मूठभर फितीला बांधून हलवल्या. ऐकलं. पुन्हा हलवल्या. मग तिला हसू आवरेना. "सगळ्यांचा एकच सूर! अश्विनी, आयुष्यभर सगळ्यांना गप्प करत आलीस, आता बोलायची परवानगी दिलीस तर सगळ्यांनी एकच वाक्य म्हणायचं?" मला हसूही आलं आणि कळलंही.

मग सगळी लॅब झाकणं गोळा करायला लागली. कोणी बिस्किटांच्या डब्याचं आणलं, कोणी मलमाच्या डबीचं, एका बव्हेरियन सहकाऱ्याने आपली तपकिरीची डबी दिली. जेवणाच्या सुट्टीत डोरीन कात्रीने पत्रा कापायची, लहान पक्कडीने वळायची, कानाशी नेऊन नखाने टिचकी मारायची. रेवाही शिकली. मधली एक जागा डोरीनने रिकामी ठेवली होती. ती म्हणाली, ती अण्णांची. अण्णांनी डबीच्या तंबाखूकडच्या बाजूचं झाकण काढून दिलं. जड, जुना पत्रा, त्याची नळी इतरांसारखी किणकिणेना. चप्प असा बसका आवाज. "हाच," डोरीन म्हणाली आणि ती नळी मधोमध शिवली.

रेहाच्या व्यायामाच्या हॉलमध्ये थेरपिस्टने दुपारची वेळ मोकळी करून दिली. मध्ये चालायच्या सरावाचे दोन समांतर दांडे असतात, त्यांच्या एका टोकाला अण्णांची व्हीलचेअर. आणखी दोनतीन पेशंट भिंतीकडे बसून होते. डोरीनने सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगितले. चित्र नको, रेकॉर्डिंग नको. वाजायला होता फक्त तिचा स्वतःचा फोन, त्यात तिच्या चुलतभावाने गावाहून पाठवलेलं ढोलाचं गाणं. तिने भावाला सांगितलं होतं की माझ्याकडे कोणीतरी नाच मागितलाय. भाऊ म्हणाला होता, मग आम्ही सगळे गातो.

पण गाणं सुरू झालं आणि ती हललीच नाही. दाराशी झगा घालून उभी. वर्तुळात नेणारं तिचं माणूस तिथे नव्हतं. आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. आलं ते रेवाच्या. ती गेली, डोरीनचा हात धरला आणि दोघी चालत मध्यापर्यंत आल्या. मग रेवा मागे सरली.

डोरीन नाचली. मी गॅदरिंगमध्ये पाहिलेल्या नाचांसारखं त्यात काही नव्हतं. कंबरेवर हात, पाय जमिनीपासून जेमतेम सुटलेले, नागमोडी, आवरलेली लहान पावलं. ढोलाचा ठोका जोरात आला की हात वर. दांड्यांभोवती फेरी, मग दुसरी. सगळी झाकणं आपापल्या आवाजात बोलत होती, बिस्किटांची, मलमाची, तपकिरीची, आणि मधूनच अण्णांचं चप्प. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. भिंतीकडच्या एक आजीबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

फेरी पुन्हा समोर आली तेव्हा अण्णांनी दोन्ही हातांनी दांडे धरले. थेरपिस्ट पुढे झाली, पण तिने हात लावला नाही. अण्णा उठले. उभे राहिले. गाणं संपत आलं तेव्हा त्यांनी अंगठी दांड्यावर आपटली. टण टण. आणि एक पाऊल टाकलं, मग आणखी एक, बसच्या पुढच्या दाराकडे निघाल्यासारखं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. ते कुरकुरत, थेरपिस्टला मराठीत शिव्या देत रोज चालले. हिवाळा संपताना काठी टेकत विमानात बसले. पुतण्याने व्हिडिओ पाठवला, कराडच्या स्टँडवर एसटीच्या पायऱ्या उतरणारे अण्णा, पाहणाऱ्यांवर खेकसणारे, "धरू नका रे कोणी!" मी तो ऑफिसात डोरीनला दाखवला. तिने तीनदा बघितला, मग बर्चकडे जाऊन आली.

या जूनमध्ये ती गावी गेली. दोन महिने, तिथल्या उन्हाळी मेळ्यासाठी. भावाने कळवलं होतं, आता इथेही ये, आम्ही तुला वर्तुळात घेतो. तिला सोडायला मी आणि रेवा स्टुटगार्टच्या विमानतळावर गेलो. झगा पेटीत घालून सामानात टाकायला तिने साफ नकार दिला, तो हातातल्या बॅगेत. तपासणीच्या काचेपलीकडे अधिकाऱ्याने बॅग उघडली, झगा दोन बोटांनी उचलला आणि दचकला, कारण तो बोलला. रांगेतली सगळी माणसं वळली. डोरीन त्याला काहीतरी म्हणाली. त्याने झगा खाली ठेवला, या खेपेला दोन्ही हातांनी.

ती आमच्याकडे वळली. काचेच्या वरच्या फटीतून आवाज येत होता. तिने झगा खांद्यापासून धरला आणि हलवला. एकदा, आणि थांबून पुन्हा एकदा. मी कान देऊन ऐकलं. सगळ्या किणकिणीत, मधोमध, अण्णांचं झाकण होतं.

रेवाने हातातली स्टीलची बाटली रेलिंगवर दोनदा आपटली. डोरीनने बॅग खांद्याला लावली आणि मागे न बघता भराभर चालायला लागली. मी तिथेच उभी होते. रेवाने माझी बाही ओढली.

"आई, चल ना," ती म्हणाली. "डबल बेल झाली."